चार्ल्स ब्रॅडलॉ

चार्ल्स ब्रॅडलॉ (२६ सप्टेंबर १८३३ – ३० जानेवारी १८९१) हे ब्रिटिश राजकारणी, वक्ते, पत्रकार आणि निरीश्वरवादी विचारवंत होते. नॉर्दॅम्प्टन मतदारसंघातून ते हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. परंतु शपथेच्या प्रश्नावरून सुमारे सहा वर्षे त्यांना सभागृहात आपले स्थान निर्वेधपणे घेता आले नाही. ईश्वर न मानणाऱ्या नागरिकास लोकप्रतिनिधी होण्याचा अधिकार आहे की नाही, हा त्या संघर्षाचा गाभा होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ब्रिटिश संसदेत भारताचे प्रश्न सातत्याने मांडले.

प्रारंभिक जीवन

ब्रॅडलॉ यांचा जन्म लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. त्यांचे वडील सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते. घरच्या परिस्थितीमुळे अकराव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली आणि ते नोकरीस लागले. चर्चच्या रविवारच्या शाळेत ते शिकवीत असत. चर्च ऑफ इंग्लंडची ३९ धर्मतत्त्वे आणि बायबलमधील शुभवर्तमाने यांचा ताळमेळ त्यांना लागेना, म्हणून त्यांनी आपल्या धर्मगुरूंकडे शंका विचारल्या. शंकासमाधान होण्याऐवजी त्यांच्यावर नास्तिकतेचा ठपका आला आणि त्यांचे शिकवणे थांबविण्यात आले. वडिलांशीही वितुष्ट येऊन किशोरवयातच त्यांना घर सोडावे लागले.

१८५० मध्ये ते घोडदळात दाखल झाले. आयर्लंडमध्ये नेमणूक असताना तेथील शेतकऱ्यांचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले. १८५३ मध्ये वारसाहक्काने मिळालेल्या पैशातून त्यांनी सैन्यातून सुटका करून घेतली आणि लंडनमध्ये वकिलाकडे कारकुनी पत्करली. तेथे मिळविलेले कायद्याचे ज्ञान त्यांना जन्मभर उपयोगी पडले. अनेक खटल्यांत त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली.

विचारप्रसार आणि खटले

‘आयकॉनोक्लास्ट’, म्हणजे मूर्तिभंजक, या टोपणनावाने ब्रॅडलॉ व्याख्याने देत व लेखन करीत. १८६० मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाच्या संपादनाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना केली. ते प्रजासत्ताकाचे, स्त्रियांच्या मताधिकाराचे आणि आयरिश स्वराज्याचे पुरस्कर्ते होते; समाजवादास मात्र त्यांचा विरोध होता.

१८७४ पासून ॲनी बेझंट त्यांच्या सहकारी झाल्या. चार्ल्स नोल्टन या अमेरिकन डॉक्टरांनी संततिनियमनावर लिहिलेली पुस्तिका दोघांनी १८७७ मध्ये पुन्हा प्रकाशित केली. त्यावरून अश्लीलतेचा खटला होऊन दोघांना सहा महिन्यांचा कारावास व दंड अशी शिक्षा झाली. परंतु पुढील वर्षी तांत्रिक कारणावरून अपिलात ती रद्द झाली.

शपथेचा संघर्ष

१८८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रॅडलॉ नॉर्दॅम्प्टनमधून विजयी झाले. सदस्यास तेव्हा ईश्वराला स्मरून राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. न्यायालयांत निरीश्वरवादी साक्षीदारांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा १८६९ व १८७० च्या कायद्यांनी मिळालेली होती. हाच अधिकार संसदेतही लागू होतो, असे मानून ब्रॅडलॉ यांनी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी शपथ घेण्याची तयारी दर्शविली. परंतु निरीश्वरवाद्याची शपथ अर्थशून्य ठरते, असा आक्षेप घेऊन सभागृहाने तोही मार्ग बंद केला. सभागृहाबाहेर जाण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे जून १८८० मध्ये त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेत ठेवून दुसऱ्या दिवशी सोडण्यात आले.

त्यानंतर स्वतःच्या कायदेशीर जबाबदारीवर प्रतिज्ञा करण्याची सवलत त्यांना मिळाली. मात्र अशी प्रतिज्ञा ग्राह्य नाही, असा निर्णय न्यायालयाने दिल्याने त्यांची जागा रिक्त झाली. १८८१, १८८२ आणि १८८४ अशा तीन पोटनिवडणुकांत मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. ऑगस्ट १८८१ मध्ये सभागृहात शिरू पाहणाऱ्या ब्रॅडलॉ यांना बळाचा वापर करून बाहेर काढण्यात आले. प्रतिज्ञेस मान्यता देणारे ग्लॅडस्टन सरकारचे विधेयक १८८३ मध्ये अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले.

१८८५ च्या निवडणुकीनंतर, जानेवारी १८८६ मध्ये, सभापती आर्थर पील यांनी कोणाचाही आक्षेप ऐकून न घेता त्यांना शपथ घेऊ दिली. पुढे ब्रॅडलॉ यांच्याच प्रयत्नांतून १८८८ चा शपथ कायदा संमत झाला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा मार्ग संसदेतही खुला झाला.

भारताशी संबंध

संसदेत भारताचे प्रश्न मांडणारे हेन्री फॉसेट १८८४ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी ब्रॅडलॉ यांनी उचलली व त्यांना भारताचे सदस्य म्हणून ओळखले जाऊ लागले. गंभीर आजारातून उठल्यावर ते १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस आले आणि विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास उपस्थित राहिले. १८९० मध्ये त्यांनी भारतातील कायदेमंडळांत निवडणुकीचे तत्त्व आणणारे विधेयक संसदेत मांडले. ते संमत झाले नाही. तथापि १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने कायदेमंडळांचा मर्यादित विस्तार केला. तो पाहण्यास ब्रॅडलॉ हयात नव्हते.

निधन आणि वारसा

२७ जानेवारी १८९१ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ब्रॅडलॉ यांना शपथ व प्रतिज्ञा नाकारणारा १८८० चा आपला ठराव कामकाजाच्या नोंदीतून काढून टाकण्याचे ठरविले. मृत्युशय्येवर असलेल्या ब्रॅडलॉ यांना ती वार्ता कळू शकली नाही. तीन दिवसांनी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रुकवुड दफनभूमीतील त्यांच्या अंत्यविधीस लंडनमधील अनेक भारतीय उपस्थित होते. कायद्याचे शिक्षण घेणारे तरुण मोहनदास गांधी हे त्यांपैकी एक होते.

लाहोर येथील ब्रॅडलॉ हॉलला त्यांचे नाव देण्यात आले, तर नॉर्दॅम्प्टनमध्ये त्यांचा पुतळा उभा आहे. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत लोकप्रतिनिधींना ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय आहेत. ब्रिटिश संसदेत असाच पर्याय निरीश्वरवाद्यांना मिळावा, यासाठी ब्रॅडलॉ झगडले होते.