ईम गावचे पाळक विल्यम मॉम्पेसन

इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात डोंगराच्या कुशीत ईम नावाचे एक लहान खेडे आहे. केंब्रिज येथे विद्याभ्यास केलेले विल्यम मॉम्पेसन हे १६६४ साली तेथील मंडळीचे पाळक म्हणून आले. त्यांजबरोबर पत्नी कॅथरीन व दोन लेकरे होती. पूर्वीचे पाळक टॉमस स्टॅन्ली यांस राज्याचा धर्मविषयक कायदा मान्य नसल्यामुळे पद सोडावे लागले होते. तरी पुष्कळांचे मन अद्याप त्यांच्याकडेच ओढ घेई. नव्या पाळकावर लोकांचा फारसा विश्वास बसला नव्हता.

१६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याच्या घरी कापड आले व त्याबरोबर प्लेग आला, असे सांगतात. हिवाळ्यात साथ मंदावली, परंतु पुढील उन्हाळ्यात ती भयंकर वाढली. लोक गाव सोडून पळू पाहू लागले. ते पळाले तर शेजारची गावेही मरणाच्या तोंडी पडतील, हे मॉम्पेसन यांनी ओळखले. आपल्या एकट्याचे कोणी ऐकणार नाही हेही त्यांस ठाऊक होते. म्हणून मान बाजूस ठेवून ते स्टॅन्ली यांजकडे गेले. दोघांच्या विनवणीवरून १६६६ च्या जून महिन्यात गावकऱ्यांनी शीव न ओलांडण्याचा निश्चय केला.

डेव्हनशायरचे अर्ल यांनी अन्नाची तजवीज केली. शेजारचे लोक शिवेवर जिन्नस ठेवून जात. त्यांचे मोल सिरक्यात बुडविलेल्या नाण्यांनी दिले जाई. देवळाचे दार बंद झाले व उपासना उघड्या दरीत होऊ लागली. प्रत्येक कुटुंब दूर दूर उभे राही. घरच्यांनीच आपल्या मृतांस पुरावे लागे. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत पती व सहा लेकरे आपल्या हातांनी मातीआड केली.

मॉम्पेसन यांनी आपली लेकरे आधीच बाहेर पाठविली होती. पतीस सोडून जाण्यास कॅथरीनबाई मात्र कबूल झाल्या नाहीत. आजाऱ्यांची सेवा करता करता २५ ऑगस्ट १६६६ रोजी त्या निवर्तल्या.

नोव्हेंबरात साथ थांबली. सुमारे २६० माणसे गेली होती. पण आसपासच्या गावांत रोग पसरला नाही. पळाले असते तर त्यांतील काही वाचलेही असते, हे ओझे पाळकाच्या मनावर किती असेल!

पुढे ते ईक्रिंग येथे पाळक झाले. तेथील लोक भिऊन त्यांस जवळ येऊ देत ना. काही काळ त्यांस झोपडीत वेगळे राहावे लागले, असे सांगतात. १७०९ साली ते मरण पावले. वाचकहो, शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे मोल त्या खेड्याने पुरे चुकविले. आणि ते मागणाऱ्या पाळकाने आपल्या घरापासूनच दिले.