हप्ते थकले, घर लिलावात गेलं: ‘नाइट वॉच’ काढणाऱ्या रेम्ब्रांटची गोष्ट

कमाई चांगली असली की घराचे हप्ते थकत नाहीत, असं आपल्याला वाटतं. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या चित्रकारांपैकी एकाचं घर हप्ते थकूनच गेलं होतं. त्याच्याकडे काम नव्हतं असंही नाही.

रेम्ब्रांटचा जन्म १६०६ चा, नेदरलँड्समधल्या लायडन शहरातला. वडील पिठाच्या गिरणीचे मालक. पंचविशीत तो ॲमस्टरडॅमला आला आणि बघता बघता श्रीमंत व्यापारी त्याच्याकडून पोर्ट्रेट काढून घ्यायला लागले. १६३४ मध्ये पैसेवाल्या घरातल्या सास्कियाशी लग्न झालं.

१६३९ मध्ये त्यानं शहरात एक मोठं घर घेतलं. किंमत १३,००० गिल्डर. त्या काळी कुशल कारागीर वर्षाला ३०० गिल्डरच्या आसपास कमवायचा. म्हणजे कारागिराची चाळीसेक वर्षांची कमाई!

पैसे घर विकणाऱ्यालाच हप्त्यांनी द्यायचे होते. चौथा हिस्सा पहिल्या वर्षभरात, उरलेले पाच-सहा वर्षांत, वर व्याज.

सुरुवातीचे हप्ते गेले. पुढं गाडी अडली.

१६४२ साली त्यानं ‘नाइट वॉच’ हे प्रचंड चित्र पूर्ण केलं. त्याच वर्षी सास्किया वारली. मागं उरला वर्षाचाही नसलेला मुलगा, टायटस. पुढच्या काही वर्षांत पोर्ट्रेटची कामं कमी झाली, खर्च मात्र कमी झाला नाही. रेम्ब्रांटला लिलावात बोली लावायचा नाद होता. चित्रं, जुनी शस्त्रं, शंख-शिंपले, जे आवडेल ते घरात यायचं. मुघल लघुचित्रांचंही त्याला वेड होतं. ती बघून त्यानं शहाजहानचं चित्र काढलं होतं.

घराचा हप्ता मात्र राहून जायचा. जुना मालकही बरीच वर्षं गप्प बसला.

१६५३ मध्ये त्याचा धीर सुटला. व्याज आणि कर धरून थकबाकी झाली होती ८,४०० गिल्डरच्या वर. घर घेऊन चौदा वर्षं झाली, तरी मूळ किमतीच्या निम्म्याहून जास्त देणं बाकी! त्यात इंग्लंडशी युद्ध सुरू होतं, बाजारात पैसा आटला होता.

रेम्ब्रांटनं ओळखीच्यांकडे हात पसरले. एकाकडून ४,१८० गिल्डर, दुसऱ्याकडून ४,२००, यान सिक्स या मित्राकडून १,०००. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. घराची थकबाकी बरीचशी फिटली, पण डोक्यावरचं कर्ज तेवढंच राहिलं. आधी एक घेणेकरी दारात यायचा, आता अनेक यायला लागले.

१६५६ मध्ये त्यानं घर मुलाच्या नावावर करून पाहिलं. तेही टिकलं नाही. शेवटी जुलैमध्ये त्यानं स्वतःच कोर्टात अर्ज केला: सगळी मालमत्ता ताब्यात घ्या, घेणेकऱ्यांना वाटा. कर्जापायी तुरुंगात जायची वेळ येऊ नये म्हणून कायद्यात ही वाट होती.

सरकारी माणसं घरात आली आणि खोलीखोलीतून यादी करत फिरली. एकूण ३६३ नोंदी. चित्रं, खुर्च्या, स्वयंपाकघरातली भांडी, इतकंच काय, धुवायला दिलेले कपडेसुद्धा.

पुढच्या दोन वर्षांत सगळं लिलावात गेलं. हौसेनं जमवलेला संग्रह मातीमोल भावानं विकला गेला. १६५८ मध्ये घराला ११,००० गिल्डरच्या आसपास बोली आली, घेतलं त्याहून कमी.

रेम्ब्रांट भाड्याच्या घरात गेला. १६६० मध्ये त्याची जोडीदार हेन्ड्रिके आणि टायटस यांनी कंपनी काढली, आणि रेम्ब्रांट कागदोपत्री तिथला कामगार झाला. चित्रं कंपनीची, त्याला फक्त राहणं-खाणं. त्यामुळे घेणेकऱ्यांना त्या कमाईवर हात टाकता येत नव्हता. याच काळात त्यानं आपली काही सर्वोत्तम चित्रं काढली.

पैशाची तंगी मात्र सुटली नाही. १६६२ मध्ये त्यानं सास्कियाच्या कबरीची जागाही विकली. पुढच्या वर्षी हेन्ड्रिके गेली, १६६८ मध्ये टायटस. ४ ऑक्टोबर १६६९ ला रेम्ब्रांट वारला. त्याला चर्चमधल्या भाड्याच्या कबरीत पुरलं.

त्याच्या त्या घरात १९११ पासून संग्रहालय आहे. तिथल्या खोल्या रेम्ब्रांटच्या काळात होत्या तशा पुन्हा सजवल्या आहेत. कुठे काय होतं हे कसं कळलं? दिवाळं निघालं तेव्हा केलेल्या त्याच यादीवरून.