थोरल्या शाहू छत्रपतींच्या दोन चिठ्ठ्या

मृत्युपत्राचें नांव काढणें हाच आमच्या घरांतून अपशकुन मानण्यांत येतो. हा समज किती घातक आहे, हें शिकण्यास सातारा-सांगलीच्या लोकांनीं दूर जावयास नको. साताऱ्याच्या गादीचे धनी थोरले शाहू छत्रपती यांचें चरित्र त्यांनीं पाहावें.

महाराजांचा जन्म १६८२ सालचा. १६८९ सालीं रायगड पडला तेव्हां ते मातोश्री येसूबाईंसह मोंगलांच्या कैदेंत गेले व औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ सालीं सुटले. परत येतांच चुलती ताराबाई यांच्याशीं गादीचा तंटा उभा राहिला. खेडची लढाई जिंकून १७०८ सालीं साताऱ्यास त्यांनीं राज्याभिषेक करविला. तरी कोल्हापूरशीं हद्द ठरावयास १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला.

वारसाच्या तंट्याचे चटके ज्यांनीं इतके सोसले, त्यांनीं आपल्या पश्चात्‌ची व्यवस्था वेळींच लावावयाची. पण औरस पुत्र हयात नसतांही दत्तकाचा निर्णय अखेरच्या दुखण्यापर्यंत लांबला. त्या दुखण्यांत महाराजांनीं पेशवे बाळाजी बाजीराव यांस स्वहस्तें दोन चिठ्ठ्या लिहिल्या. फौज ठेवावी, राज्यभार चालवावा, गादीवर वंश बसवावा, कोल्हापूरचा करूं नये, इतकें त्यांत आलें. वारसाचें नांव मात्र आलें नाहीं; तें चिटणीसांस सांगितलें आहे, एवढ्यावरच भागविलें.

१५ डिसेंबर १७४९ रोजीं महाराज निवर्तले. ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणिलेले रामराजे गादीवर बसले. वर्ष भरतें न भरतें तोंच ताराबाईंनीं त्यांस साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलें, आणि १७५२ सालीं जेजुरीस शपथ घेऊन हा आपला नातूच नव्हे असें जाहीर केलें. त्या वादाचा निकाल लावील असा शब्द महाराजांच्या चिठ्ठ्यांत नव्हता. गादी साताऱ्यास राहिली, सत्ता पुण्यास गेली. पुढें १८०१ सालीं पटवर्धनांच्या घरांत चुलत्या-पुतण्याचा बेबनाव होऊन मिरजेपासून सांगली निराळी झाली, ती कथा सांगलीकरांस ठाऊकच आहे.

राजघराण्यांचें जें झालें, तेंच आमच्या मळ्यांचें, वाड्यांचें व दुकानांचें होत असतें. १९२५ च्या वारसा कायद्याचें ६३ वें कलम फारसें मागत नाहीं: करणाराची सही, आणि ती पाहणाऱ्या अगर त्यानें ज्यांच्यापाशीं ती कबूल केली अशा दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाहीं. तरी ती करावी. तारीख घालावी, मिळकतीचें वर्णन गट क्रमांकासह लिहावें, घेणाऱ्याचें नांव व नातें स्पष्ट लिहावें, आणि ज्यास लाभ व्हावयाचा त्यास साक्षीदार करूं नये. वडिलोपार्जित मिळकतींत आपल्या हिश्शापुरतेंच लिहितां येतें, हेंही ध्यानांत असावें. १९५६ व २००५ च्या कायद्यांनीं कन्येस हक्क दिला आहे. मृत्युपत्र तो हिरावून घेण्यासाठीं नव्हे, तर पत्नीचा व कन्येचा वांटा कोर्टाची पायरी न चढतां त्यांच्या पदरीं पडावा यासाठीं करावयाचें.

हें काम अंथरुणास खिळण्यापूर्वीं, बुद्धि स्थिर असतांना, जाणत्या वकिलाच्या सल्ल्यानें उरकून घ्यावें, अशी आमची प्रत्येक गृहस्थास व गृहिणीस आग्रहाची विनंति आहे.