पीटर मिचेल

पीटर डेनिस मिचेल (२९ सप्टेंबर १९२०, मिचम, सरे, इंग्लंड – १० एप्रिल १९९२, बॉडमिन, कॉर्नवॉल) हे ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पेशीपटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांच्या फरकात सजीव पेशी ऊर्जा साठवतात आणि तिच्या बळावर एटीपी हे ऊर्जावाहक संयुग तयार करतात, असा केमिऑस्मॉटिक सिद्धांत त्यांनी १९६१ मध्ये मांडला. पेशीतील ऊर्जानिर्मिती आणि पटलातून होणारे आयनांचे व पोषकद्रव्यांचे सक्रिय वहन या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे या सिद्धांताने दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

मिचेल यांचे वडील सरकारी सेवेत होते. टॉन्टन येथील क्वीन्स कॉलेज या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. केंब्रिज विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती परीक्षेतील त्यांची कामगिरी अत्यंत सामान्य होती. मुख्याध्यापक सी. एल. वाइझमन यांच्या शिफारसपत्रामुळे त्यांना १९३९ मध्ये जीझस कॉलेजात प्रवेश मिळाला. पदवीच्या पहिल्या टप्प्यात ते तृतीय श्रेणीत, तर जीवरसायनशास्त्र हा विशेष विषय घेतल्यावर दुसऱ्या टप्प्यात द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाले.

१९४२ मध्ये केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र विभागात जे. एफ. डॅनिएली यांच्या हाताखाली त्यांनी संशोधनास प्रारंभ केला. डॅनिएली हे पेशीपटलाच्या रचनेचे अभ्यासक होते. श्वसनसाखळीतील सायटोक्रोमांचा शोध घेणारे डेव्हिड कायलिन यांच्या विचारांचाही मिचेल यांच्यावर खोल प्रभाव पडला. पेनिसिलिनच्या कार्यपद्धतीवरील प्रबंधासाठी त्यांना १९५१ मध्ये पीएच.डी. मिळाली.

पटलातून होणारे वहन

पेशीपटल मेदद्रव्यांचे असल्यामुळे आयन आणि शर्करेसारखे पाण्यात विरघळणारे रेणू त्यातून सहजासहजी पार होत नाहीत. तरीही पेशी अनेक पदार्थ कमी संहतीच्या बाजूकडून अधिक संहतीच्या बाजूकडे नेत असते. या कामास ऊर्जा लागते, म्हणून त्यास सक्रिय वहन म्हणतात. मिचेल यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी स्टॅफिलोकॉकस जीवाणूंमध्ये फॉस्फेट कसे शिरते याचा अभ्यास केला. हे वहन एंझाइमांप्रमाणेच निवडक असते, असे त्यांना आढळले. पटलातील वाहक आणि एंझाइम यांत मूलभूत फरक नसावा, या मताकडे ते त्यामुळे वळले.

परीक्षानळीत एंझाइम द्रावणात सर्व दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे तेथील अभिक्रियेला दिशा नसते. तेच एंझाइम पटलात विशिष्ट दिशेने बसविलेले असेल, तर अभिक्रियेतील घटक एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकतात. अशा वेळी रासायनिक अभिक्रिया हीच वहनाची क्रिया ठरते. १९५५ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात रासायनिक जीवशास्त्राचे केंद्र उभारण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. तेथे केंब्रिजपासूनच्या सहकारी जेनिफर मॉइल यांच्यासह त्यांनी ही कल्पना विकसित केली आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

केमिऑस्मॉटिक सिद्धांत

अन्नाच्या ऑक्सिडीकरणातून मुक्त होणारी ऊर्जा एटीपीमध्ये कशी साठवली जाते, हा त्या काळातील जीवरसायनशास्त्रापुढचा मोठा प्रश्न होता. या दोन क्रियांना जोडणारे एखादे उच्च ऊर्जेचे मध्यस्थ संयुग असावे, असे बहुतेक संशोधक मानत. मात्र अनेक प्रयोगशाळांनी शोध घेऊनही असे संयुग हाती लागले नव्हते. शिवाय अखंड पटलाशिवाय ही जोडणी का होत नाही, याचेही समाधानकारक उत्तर नव्हते.

जुलै १९६१ मध्ये नेचर या नियतकालिकातील लेखात मिचेल यांनी असे संयुग अस्तित्वातच नसावे, असे सुचविले. त्यांच्या मते, श्वसनसाखळीतून इलेक्ट्रॉन जात असताना प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलले जातात. पटल प्रोटॉनांना परत येऊ देत नसल्याने दोन बाजूंमध्ये आम्लतेचा आणि विद्युतविभवाचा फरक निर्माण होतो. धरणात अडविलेले पाणी जसे जनित्र फिरवते, तसे प्रोटॉन एका विशिष्ट एंझाइमातून परत येताना एटीपीची निर्मिती घडवतात. या एकत्रित दाबास प्रोटॉन-चालक बल असे नाव मिळाले. त्याचे मूल्य साधारणपणे २०० मिलिव्होल्टच्या आसपास असते. डायनायट्रोफिनॉलसारखी द्रव्ये श्वसन चालू ठेवूनही एटीपीची निर्मिती का थांबवतात, याचाही उलगडा यातून झाला: ती द्रव्ये प्रोटॉनांना पटलातून परस्पर पार नेतात आणि साठलेला फरक नष्ट करतात.

ग्लिन हाउस

पोटातील व्रणाच्या आजारामुळे मिचेल यांनी १९६३ मध्ये एडिंबरा येथील पदाचा राजीनामा दिला. कॉर्नवॉलमधील बॉडमिनजवळच्या ग्लिन हाउस या जुन्या वाड्याची दुरुस्ती करून त्यांनी तेथे निवासस्थान आणि प्रयोगशाळा उभारली. मॉइल यांच्यासह स्थापन केलेल्या ग्लिन रिसर्च या धर्मादाय संस्थेस त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू क्रिस्टोफर यांनी मिळून सुमारे २,५०,००० पौंडांचा निधी दिला. विद्यापीठाचा आधार नसलेल्या या छोट्या संस्थेत मोजकेच लोक काम करत. १९६६ आणि १९६८ मध्ये मिचेल यांनी आपला सिद्धांत विस्ताराने मांडणारी दोन पुस्तके संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. करड्या मुखपृष्ठामुळे ती ‘करडी पुस्तके’ म्हणून ओळखली जातात.

विरोध आणि प्रायोगिक पुरावे

प्रारंभी या सिद्धांताकडे दुर्लक्ष झाले, नंतर त्यास तीव्र विरोध झाला. मिचेल आणि मॉइल यांनी उंदराच्या यकृतातील तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजनविरहित द्रवात ठेवून त्यांना अल्प प्रमाणात ऑक्सिजन दिला. तेव्हा बाहेरचा द्रव काही क्षण अधिक आम्लधर्मी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. तथापि, प्रोटॉनांची ही हालचाल ऊर्जासाठ्याचे कारण नसून केवळ परिणाम असावा, असा आक्षेप घेण्यात आला.

अमेरिकन संशोधक आंद्रे जेगनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरीबे यांचा १९६६ मधील प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. त्यांनी पालकाच्या पानांतील हरितलवके अंधारात प्रथम सामू ४ असलेल्या आणि नंतर सामू ८ असलेल्या द्रावणात ठेवली. प्रकाश नसतानाही, केवळ आम्लतेच्या फरकावर एटीपी तयार झाले. १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि वाल्टर स्टोकेनियस यांनी मेदद्रव्यांच्या कृत्रिम पुटिकांमध्ये दोन प्रथिने बसविली. त्यांपैकी एक प्रकाशाच्या साहाय्याने प्रोटॉन ढकलणारे प्रथिन खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचे होते, तर दुसरे एटीपी तयार करणारे प्रथिन गुरांच्या हृदयातील होते. इतक्या भिन्न सजीवांतील या दोन प्रथिनांमध्ये प्रोटॉनांखेरीज दुसरा दुवा संभवत नव्हता. तरीही प्रकाश पडताच एटीपी तयार झाले.

पोषकद्रव्यांचे वहन

हाच विचार मिचेल यांनी पोषकद्रव्यांच्या वहनासही लावला. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात, आतड्यातील पेशी सोडियमच्या प्रवाहाच्या साहाय्याने ग्लुकोज आत घेतात, अशी कल्पना मांडली होती. मिचेल हेही त्या परिसंवादात सहभागी होते. जीवाणूंमध्ये हेच काम प्रोटॉन करत असावेत, असे त्यांनी १९६३ मध्ये सुचविले. ई. कोलाय जीवाणूंमध्ये लॅक्टोज शर्करेबरोबर प्रोटॉनही आत शिरतात, हे इयन वेस्ट यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. दोन पदार्थांच्या एकाच दिशेने होणाऱ्या संयुक्त वहनास सिमपोर्ट, विरुद्ध दिशांच्या वहनास अँटिपोर्ट आणि एकाच पदार्थाच्या वहनास युनिपोर्ट ही मिचेल यांनी रूढ केलेली नावे आजही वापरली जातात.

सिद्धांतातील दुरुस्त्या

१९७५ मध्ये मिचेल यांनी श्वसनसाखळीतील क्विनोन रेणूंचे कार्य स्पष्ट करणारे क्यू-चक्र मांडले आणि ते पुढे मान्य झाले. मात्र त्यांची सर्वच मते टिकली नाहीत. सायटोक्रोम ऑक्सिडेज प्रोटॉन ढकलत नाही, असा त्यांचा आग्रह होता. मार्टेन विकस्ट्रॉम यांनी १९७७ मध्ये याविरुद्ध पुरावा दिला आणि दीर्घ वादानंतर मिचेल यांनी तो स्वीकारला. एटीपीच्या निर्मितीत प्रोटॉन प्रत्यक्ष अभिक्रियेत भाग घेतात, हे त्यांचे मतही चुकीचे ठरले. प्रोटॉनांच्या प्रवाहामुळे एंझाइमाचा आकार बदलतो आणि त्यातून एटीपी सुटे होते, हे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांच्या संशोधनातून सिद्ध झाले.

सन्मान आणि अखेरची वर्षे

मिचेल १९७४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७८ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यास मिळाले. १९८१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक प्रदान केले. अखेरच्या वर्षांत ग्लिन संस्थेसाठी निधी मिळवणे त्यांना कठीण जात होते. १० एप्रिल १९९२ रोजी बॉडमिन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर संस्थेचे संशोधनकार्य लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हलविण्यात आले.

१९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॉयर, वॉकर आणि येन्स स्कू यांना विभागून देण्यात आले. स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंतील सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध लावला होता. हा पंप एटीपी खर्च करून आयनांचे वहन करतो, तर बॉयर आणि वॉकर यांनी अभ्यासलेले एंझाइम आयनांच्या वहनातून एटीपी निर्माण करते. एकाच पारितोषिकात एकत्र आलेल्या या दोन शोधांना जोडणारी मूळ कल्पना मिचेल यांची होती.