दहा वर्षांचा करार

४ जून १९१३ या दिवशी बडोदे संस्थानाच्या दप्तरात एक करार दाखल झाला. मुंबईच्या एका बावीस वर्षांच्या पदवीधराला अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे होते. शिक्षण संपल्यावर त्याने दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, अशी अट होती. करारावर सही करणारा तरुण होता भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, महाडच्या चवदार तळ्यावरचे आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचे नेते म्हणून ओळखतो. पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांकडे कर्जाच्या बाजूने पाहिले, तर एक वेगळा माणूस समोर येतो. शिकण्यासाठी इतरांचे पैसे घेतलेला, ते कसे फेडायचे या विवंचनेत असलेला आणि तरीही स्वतःच्या पोटापाण्यापलीकडे काही करू पाहणारा एक तरुण. नोकरीची बरीच वर्षे बँकेत इतरांच्या कर्जाचे कागद तपासण्यात गेल्यामुळे मला तर तो फार जवळचा वाटतो.

शिक्षणापायी पहिले कर्ज झाले ते घरातच. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले. परळच्या चाळीतली एक खोली, तुटपुंजी पेन्शन आणि पुस्तकांची न संपणारी भूक असलेला मुलगा. भीमरावाला नवे पुस्तक हवे झाले की रामजी मुंबईतच दिलेल्या आपल्या मुलींच्या घरी जात आणि उसने पैसे मागत. धाकटीकडे पैसे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही नसले तर ती वडिलांनीच लग्नात घातलेला एखादा दागिना काढून त्यांच्या हातावर ठेवी. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरात येई आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत जाई. या व्यवहाराला ना करार होता ना साक्षीदार.

मॅट्रिकनंतर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले. भीमराव बी.ए. झाले, बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजी वारले. ज्याने दागिने गहाण ठेवून शिकवले, त्याच्या हातावर मुलाला चार पैसेही ठेवता आले नाहीत. चार महिन्यांनी तो करार झाला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तीन वर्षे अठरा-अठरा तास अभ्यास केला. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके विकत घ्यायची. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यासक्रम सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती.

महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीत होते आणि ती बोट पाणतीराने बुडाली. त्या सामानाच्या भरपाईचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यांतूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. अक्षरशः बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांवर हा कर्जदार आपला करार पाळायला निघाला होता!

बडोद्यात काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले होते आणि पुढे अर्थखात्यात मोठी जागा देण्याचा विचार होता. पण शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशांच्या एका धर्मशाळेत दीड रुपया रोजाने उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम सुटला. हिंदू मित्राकडे आणि ख्रिस्ती मित्राकडे विचारून झाले. दोन्हीकडून काही ना काही सबब आली. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते तास त्यांनी कमाठीबागेत बसून काढले.

आता तो करार पुन्हा वाचून पाहा. कर्जदाराने दहा वर्षे चाकरी करायची, असे त्यात आहे. धनकोने त्याला गावात डोक्यावर छप्पर आणि कचेरीत घोटभर पाणी मिळेल एवढे तरी पाहायचे, ही गोष्ट त्यात कोणी लिहिली नव्हती. करार मोडला तो आंबेडकरांनी, अशीच नोंद वहीत होणार. आणि झालेही तसेच. शिक्षणावर खर्च केलेले पैसे परत करा, अशी मागणी बडोदे दरबाराकडून आली.

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील गुंतवणुकीबद्दल सल्ला देणारी एक पेढीही काढली. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक पांगले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. त्या काळी हा पगार भरघोस होता. पण त्यांनी चाळीतले बिऱ्हाड हलवले नाही. लंडनचा अपुरा अभ्यास त्यांना खुणावत होता, म्हणून पै-पै बाजूला टाकली. छत्रपती शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार उसने दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ज्या समाजातील काही माणसे काठ्या घेऊन दारात आली होती, त्याच समाजातील एकाने पुन्हा शिकायला पैसे दिले, हेही विसरता कामा नये.

या सगळ्याची झळ रमाबाईंना लागली. पती परदेशी, हातात पैसा नाही. त्यांनी काटकसर करून घर ओढले. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली, एक यशवंत तेवढा वाचला. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सही करणारा एकटा कधीच भरत नाही. घरातले माणूस तो आपल्या ताटातून भरत असते.

१९२३ मध्ये बाबासाहेब परतले तेव्हा वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले. बॅरिस्टर आणि डॉक्टर झालेल्या माणसाला एखादी मोठी सरकारी जागा घेऊन देणी भागवता आली असती. त्यांनी वकिलीची अनिश्चित वाट धरली. हाताशी थोडीफार प्राप्ती असावी म्हणून १९२५ पासून व्यापारी कायदा शिकवला आणि उरलेला वेळ समाजाला दिला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, त्याच्या संस्थेने आरंभीच मुलांच्या राहण्याची सोय करावी, हे मला फार बोलके वाटते.

आपली देणी त्यांनी आणखी एका वहीत नोंदवली. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ आला, तो शिक्षणातील साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना. दरबाराने पैसे मागितले म्हणून ते महाराजांचा उपकार विसरले नाहीत. धनी आणि त्याची कचेरी यांतला फरक त्यांना कळत होता. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर पाकिस्तानवरचे पुस्तक त्यांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसे द्यावेत, म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ही शिष्यवृत्ती परत फेडायची नव्हती. शिकताना मानेवर कर्ज असणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्याने धरलेला आग्रह होता तो.

आज आपल्याकडे बँका शैक्षणिक कर्ज देतात आणि ते गरजेचेच आहे. पण अभ्यासक्रम संपून वर्ष झाले की हप्ता सुरू होतो, मग नोकरी लागलेली असो वा नसो. मानधनावर शिकवणारा शिक्षक, कंत्राटावर काम करणारी परिचारिका, ग्रामीण सेवेचा बाँड लिहून दिलेला तरुण डॉक्टर, यांना समाज सेवेचे धडे देतो. आडगावच्या आरोग्य केंद्रात त्या डॉक्टरला राहायला धड खोली आहे का, हे मात्र बाँडवर सही घेणारा क्वचितच विचारतो.

आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी अशा कागदावर सही करत असेल, तर त्याने काय फेडायचे ते अवश्य वाचावे. घेणाऱ्याने आपल्या बाजूने काय कबूल केले आहे, तेही वाचावे. १९१३ च्या करारात ती ओळ नव्हती.