विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वी ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर कोण होते?

अवैध सावकारी, नावावरून गेलेली जमीन, निबंधकांकडे तक्रार. अमरावती-अकोल्याच्या वाचकाला ‘सावकारी पाश’ हे शब्द बातम्यांतून पाठ झाले आहेत. याच नावाचा मूकपट १९२५ मध्ये कोल्हापुरात तयार झाला. पडद्यावर देव आणि राजेच दिसत, त्या काळात कर्जबाजारी शेतकऱ्याला नायक करणारे दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर.

‘पेंटर’ हे नाव कसे पडले?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. कलाशाळेची पायरी न चढता ते चित्रकला शिकले. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि त्यावरूनच पेंटर हे नाव चिकटले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने दोघांना सिनेमाचे वेड लावले. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो घरीच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. उरलेले काम बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तडीस नेले. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवध इतका खरा वाटला, की त्या दृश्याला कात्री लागली. ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले. रंगीत पोस्टर लावून सिनेमाची जाहिरात करण्याची रीतही बरीचशी त्यांचीच.

‘सावकारी पाश’मध्ये काय होते?

कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या तावडीत जमीन गेलेला तरुण शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. उदास झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे हे त्यातले दृश्य जाणकारांच्या लक्षात राहिले; तेही आवाजाची सोय नसताना. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांकडे जात होता, त्याच वाटेने जाणाऱ्या माणसाची ही गोष्ट होती.

प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. चमत्कार आणि युद्धे पाहायला आलेल्यांना घरचेच दुःख तिकीट काढून पाहायचे नव्हते, असे म्हणावे लागेल. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले.

पुढे काय झाले?

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले व त्यांनी ‘प्रभात’ काढली. गुरूची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला. न चाललेला विषय दुसऱ्यांदा हाती घेणारा निर्माता आजही विरळाच. नंतर ते चित्र-शिल्पांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

१९२५ च्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. सावकाराने बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना देणारा राज्याचा सध्याचा कायदा २०१४ चा आहे.