दान्ते आलिगिएरी : शिक्षा झालेला शिक्षेचा कवी

मृत्यूनंतर माणसाचे काय होते, या प्रश्नाला मध्ययुगीन ख्रिस्ती धर्माने तीन लोकांच्या रूपाने उत्तर दिले. पश्चात्तापाविना मेलेल्यांसाठी चिरंतन नरक, पश्चात्ताप होऊनही ज्यांची शुद्धी अपुरी राहिली त्यांच्यासाठी शुद्धिस्थान आणि ईश्वरसान्निध्याचा स्वर्ग, असे हे तीन लोक होत. त्यांचे सर्वांत प्रभावी चित्र इटालियन कवी दान्ते आलिगिएरी याने ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात रेखाटले. या काव्याकडे वळण्यापूर्वी त्याचे चरित्र लक्षात घ्या. कारण शिक्षेविषयी लिहिणारा हा कवी स्वतः शिक्षा झालेला माणूस होता.

दान्तेचा जन्म १२६५ साली फ्लॉरेन्स या नगरराज्यात झाला. बालपणी पाहिलेल्या बिआत्रिचेवर त्याने मनोमन प्रेम केले. १२९० मध्ये ती निवर्तली. पुढे महाकाव्यात तीच त्याची स्वर्गातील मार्गदर्शक झाली. त्या काळी फ्लॉरेन्समध्ये ‘श्वेत’ आणि ‘कृष्ण’ या दोन गटांत सत्तासंघर्ष पेटला होता. १३०० साली दान्ते दोन महिन्यांसाठी नगराच्या सर्वोच्च शासकमंडळाचा सदस्य झाला. शांततेसाठी या मंडळाने दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना हद्दपार केले. त्यांत त्याचा जिवलग कविमित्र ग्विदो काव्हालकान्ती हाही होता. ग्विदो आजारी होऊन परतला आणि त्याच वर्षी मरण पावला.

लवकरच दान्तेवरही तीच वेळ आली. १३०१ मध्ये तो पोप आठवा बोनिफेस याच्याकडे शिष्टाईसाठी गेला असता कृष्ण गटाने सत्ता बळकावली. जानेवारी १३०२ मध्ये, पदावर असताना लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याला दंड आणि हद्दपारी फर्मावण्यात आली. दंड न भरल्यामुळे मार्चमध्ये, सापडल्यास जिवंत जाळावे, असा निवाडा झाला. दान्ते पुन्हा कधीही फ्लॉरेन्सला परतला नाही.

परक्या आश्रयावर जगताना त्याने शंभर सर्गांचे हे महाकाव्य रचले. त्यातील नरकाचे तत्त्व असे, की शिक्षा बाहेरून लादली जात नाही. पापाचेच रूप ती घेते. वासनेने वाहवलेले जीव वादळात भरकटतात, तर भविष्य सांगणाऱ्यांची तोंडे पाठीकडे वळलेली असतात. लाचखोर उकळत्या डांबरात बुडालेले आहेत. दान्तेवरचा आरोप हाच होता, हे विसरू नका.

मग हे काव्य म्हणजे केवळ सूड होय काय? पोप बोनिफेसची नरकातील जागा त्याने आधीच ठरवून ठेवली, हे खरे. परंतु ज्यांच्याविषयी त्याला नितांत आदर होता, त्या ब्रुनेत्तो लातिनी या गुरुतुल्य विद्वानालाही त्याने नरकातच पाहिले. शुद्धिस्थानात गर्विष्ठांना पाठीवर धोंडे वाहताना पाहून, मृत्यूनंतर आपल्यालाही हाच भार वाहावा लागेल, अशी कबुली तो देतो. न्याय मागणारा स्वतःलाही आरोपी मानतो, येथे या काव्याचे नैतिक बळ आहे.

एक प्रश्न त्याला अखेरपर्यंत छळतो. त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, ख्रिस्तपूर्व काळात जन्मला म्हणून स्वर्गाला मुकतो. स्वर्गात पोहोचल्यावर दान्ते विचारतो : सिंधूच्या काठी जन्मलेल्या, ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या सदाचारी माणसाचा दोष तो कोणता? ईश्वरी न्यायाचा तळ मानवी दृष्टीला दिसत नाही, असे त्याला सांगण्यात येते. मात्र ख्रिस्ताचे नाव घेणारे अनेक जण अंतिम न्यायाच्या दिवशी अशा माणसापेक्षा ख्रिस्तापासून अधिक दूर असतील, असेही बजावले जाते. भारतीय वाचक म्हणून तुम्ही या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे.

१३१५ मध्ये अपमानकारक अटींवर देऊ केलेली माफी दान्तेने नाकारली. तेव्हा मृत्युदंड पुन्हा जाहीर झाला आणि या वेळी त्यात त्याचे पुत्रही गोवले गेले. सप्टेंबर १३२१ मध्ये राव्हेन्ना येथे त्याचे निधन झाले. त्याचे अवशेष आजही तेथेच आहेत. फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने त्याची शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला तो २००८ साली.

आता काव्याचा परिचय करून घेताना हा प्रश्न मनाशी ठेवा : ज्याला न्याय मिळाला नाही, त्याने कल्पिलेला न्याय कितपत निःपक्षपाती असू शकतो?